रिफर्बिश्ड कॅमेरा घ्यावा की नाही? गोव्यात राहणाऱ्यांसाठी प्रश्नोत्तरे

शिगमो जवळ आला, घरात लग्न ठरलं, किंवा मुलाला बारावीनंतर फोटोग्राफीचा नाद लागला, की हे प्रश्न यायला लागतात. तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. जुने कॅमेरे घेण्याबद्दल बाहेर वाचायला खूप मिळतं, पण त्यातलं बरंचसं कोरड्या हवेत राहणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली क्वचित उतरते. कपाटातल्या चपलांना, पट्ट्यांना, लग्नाच्या अल्बमला बुरशी येते, तशी ती कॅमेऱ्यालाही येते. त्यामुळे पुढची बहुतेक उत्तरं फिरून एकाच मुद्द्यावर येतील: कॅमेऱ्याने किती फोटो काढले ते नंतर विचारा, पावसाळ्यात तो कुठे पडून होता ते आधी.

रिफर्बिश्ड आणि सेकंडहँड यात नेमका फरक काय?

सेकंडहँड म्हणजे एकाने वापरला, दुसऱ्याने घेतला. रिफर्बिश्डमध्ये मध्ये कोणीतरी तो तपासून, साफ करून, गरज असेल तर भाग बदलून पुन्हा विकायला ठेवलेला असतो. हा ‘कोणीतरी’ कोण, यावर सगळं अवलंबून आहे. कंपनीने स्वतः केलेला असेल तर तो बहुधा परत आलेला किंवा प्रदर्शनात ठेवलेला नग असतो, आणि त्यावर कंपनीची वॉरंटी असते. मोठा जुन्या मालाचा व्यापारी असेल तर तो दर्जा ठरवून स्वतःची काही महिन्यांची वॉरंटी देतो. तिसऱ्या प्रकारात कोणी ब्लोअरने धूळ उडवली, ग्रिपचं रबर पुन्हा चिकटवलं आणि डबा नवा दिला, एवढंच झालेलं असतं. तिन्ही ठिकाणी जाहिरातीत शब्द तोच असतो.

म्हणून विक्रेत्याला थेट विचारा: काय बदललं? कोणी बदललं? त्याचा कागद आहे का? ज्याने खरंच काम केलंय तो लगेच सांगतो. ‘सगळं चेक केलंय, टेन्शन घेऊ नका’ हे उत्तर मी ‘काही केलेलं नाही’ असंच धरतो.

मग घ्यावा की नाही? सरळ सांगा.

बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्या, जरूर घ्या. लेन्स मात्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घेऊ नका.

शटर काउंट (आजवर झालेले क्लिक) किती असेल तर चालतो?

लोक हा प्रश्न पहिला विचारतात, मी तो तिसरा-चौथा ठेवतो. यांत्रिक शटर किती क्लिक टिकावं याचा कंपनीने तपासलेला आकडा असतो. कॅनन ८०डी आणि निकॉन डी५६०० यांना १ लाख, निकॉन डी७२०० आणि डी७५० यांना १.५ लाख, डी८५० ला २ लाख. एका लग्नात दोन-तीन हजार क्लिक सहज होतात, त्यामुळे व्यावसायिकाचा कॅमेरा दोन-चार हंगामांत बराच पुढे गेलेला असतो. तरी हा आकडा म्हणजे एक्सपायरी डेट नव्हे. त्याच्या दुप्पट चाललेले शटर असतात, निम्म्यात गेलेलेही असतात.

माझा हिशेब साधा आहे. हौशी माणसाने ठरलेल्या आकड्याच्या निम्म्यापर्यंतचा कॅमेरा बिनधास्त घ्यावा. त्याच्या वर असेल, तर त्या मॉडेलचं शटर बदलायला किती पडतील हे सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारावं आणि तेवढे पैसे किमतीत मनाने मिळवून बघावेत. आणि अगदी कमी आकडा बघून हुरळू नका. पाच-सहा वर्षांच्या कॅमेऱ्यावर तीन हजार क्लिक असतील, तर बाकीचा वेळ तो कुठेतरी बंद पडून होता. कुठे? डिचोलीतल्या मातीच्या भिंतीच्या घरात, लाकडी कपाटात, फोमच्या बॅगेत? मग मला त्यापेक्षा ६० हजार क्लिकचा, रोज हातात असलेला कॅमेरा परवडला. रोज उजेड आणि वारा लागणाऱ्या लेन्सला फंगस (बुरशी) सहसा धरत नाही.

तो आकडा बघायचा कसा?

निकॉनमध्ये प्रत्येक मूळ फोटोच्या आत तो लिहिलेला असतो. एक्झिफटूलसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये फोटो उघडला की दिसतो. कॅनन बहुतेक मॉडेलांत तो फोटोत लिहीत नाही, कॅमेरा केबलने संगणकाला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने वाचावा लागतो. विक्रेत्याकडून नमुना फोटो मागवलात, तर व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून घेऊ नका, आतली माहिती वाटेत निघून जाते. मेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल मागा.

मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत) एक गोम आहे. इलेक्ट्रॉनिक शटरने काढलेले फोटो आणि तासन् तास केलेलं व्हिडिओ रेकॉर्डिंग यांत्रिक शटरच्या वापरात येत नाही. एखाद्या व्हिडिओवाल्याचा कॅमेरा कागदावर कोरा दिसू शकतो.

लेन्समधला फंगस ओळखायचा कसा?

दुकानाच्या ट्यूबलाइटखाली तो दिसत नाही, हे आधी लक्षात घ्या. लेन्स बॉडीवरून काढा, पुढचं आणि मागचं झाकण काढा. मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून आत बघा, मग उलट बाजूने. झूम असेल तर दोन्ही टोकांना फिरवून बघा, कारण आतल्या काचा सरकतात आणि एका टोकाला लपलेला डाग दुसऱ्या टोकाला दिसतो. जुन्या लेन्सला ॲपर्चर रिंग (उजेडाचं भोक लहान-मोठं करणारी कडी) किंवा मागची तरफ असेल तर पाती पूर्ण उघडून धरा.

धूळ म्हणजे सुटे ठिपके. ते थोडेफार प्रत्येक लेन्समध्ये असतात, त्याने फोटोला काही होत नाही. फंगसला फांद्या असतात. कडेकडून निघालेले केसासारखे बारीक धागे, कधी कोळ्याच्या जाळ्यासारखा गोल पसारा. तिसरा प्रकार म्हणजे धुरकटपणा: टॉर्च मारल्यावर एखादी आतली काच सगळीकडे दुधाळ दिसते. ती वंगणाची वाफ किंवा आतली ओल असते, आणि अशा लेन्सने जत्रेतल्या दिव्यांचे फोटो काढले की प्रत्येक बल्बभोवती पांढरं धुकं येतं. हा प्रकार विक्रेते ‘थोडा हेझ’ म्हणून सोडून देतात. तुम्ही सोडू नका.

बॉडीच्या आतही बघा. आरशावरची मॅट काच, व्ह्यूफाइंडरची काच, आणि सेन्सर (ज्यावर फोटो उमटतो तो भाग). एफ १६ वर, म्हणजे ॲपर्चर बारीक करून, ढगाळ आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघितला की सेन्सरवरचं सगळं उघडं पडतं. गोल ठिपके धुळीचे, ते साफ होतात. निकॉन डी६०० हा २०१२ चा कॅमेरा सेन्सरवर धूळ आणि तेलाचे डाग येण्यासाठी इतका बदनाम झाला, की पुढे २०१४ मध्ये निकॉनने वॉरंटी संपलेल्यांचंही शटर फुकट बदलून द्यायचं जाहीर केलं. तो आजही जुन्या बाजारात स्वस्तात दिसतो. शटर बदललेलं असेल तर फोटो सुंदर येतात, पण बदलल्याचा कागद मागा.

विक्रेता म्हणतो, फंगस होता, साफ करून दिला. घेऊ का?

किती दिवस राहिला होता, यावर आहे. नुकता धरलेला फंगस चांगला कारागीर पुसून काढतो, मागे काही राहत नाही. बराच काळ राहिला तर तो काचेवरचं कोटिंग खातो. साफ केल्यावर धागे जातात, पण त्यांचा ठसा राहतो, टॉर्चमध्ये खरवडल्यासारखा. तो कोणी काढू शकत नाही. शिवाय उघडून बसवलेल्या लेन्सची काच किंचित तिरकी बसली असेल, तर फोटोची एक बाजू मऊ येते. विटांच्या भिंतीसमोर सरळ उभं राहून एक फोटो काढा आणि चारही कोपरे ताडून बघा.

एकाची बुरशी शेजारच्या लेन्सला ‘लागते’ का, हेही विचारतात. बीजाणू हवेत तसेही सगळीकडे असतात. ओल मिळाली की वाढतात, नाही मिळाली तर नाही. तरी मी संशयित लेन्स वेगळ्या डब्यात ठेवतो.

किनाऱ्यावर वापरलेला कॅमेरा ओळखता येतो का?

बऱ्यापैकी. आश्वे-मोरजीपासून पाळोळ्यापर्यंत प्री-वेडिंगचे शूट चालतात आणि त्यातले काही कॅमेरे भाड्याचे असतात. भाड्याचा कॅमेरा वाईटच असतो असं नाही, पण त्याला दहा हात लागलेले असतात. झूम रिंग कानाजवळ धरून हळू फिरवा. वाळू गेली असेल तर करकर ऐकू येते, बोटांनाही लागते. मग हॉट शूच्या (वर फ्लॅश बसवायच्या खाचेच्या) पट्ट्या बघा, बॅटरीच्या खणातले धातूचे संपर्क बघा, तळाचे स्क्रू बघा. खारी हवा धातूवर आधी बसते: स्क्रूच्या डोक्यांवर तांबूस गंज, संपर्कांवर हिरवट पूड. अशी पूड बॅटरीच्या खणात दिसली तर मी पुढे बोलणीच करत नाही. पाणी आत पोचलं होतं, आणि ते खारं होतं.

स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील तर कॅमेरा कोणीतरी बेताच्या हत्याराने उघडलेला आहे. बटणांच्या फटीत गुलाबी-हिरवी पूड दिसली तर तो शिगम्याचा गुलाल. त्याने घाबरू नका, पण किंमत पाडायला उपयोगी पडतो.

दुकानात हातात दहा मिनिटंच मिळाली तर?

स्वतःचं कार्ड न्या. दोन स्लॉट असतील तर दोन्हींत फोटो काढा. सलग पाच-सहा सेकंद बटण दाबून धरून बर्स्ट मारा. प्रत्येक बटण, प्रत्येक डायल एकदा दाबून-फिरवून बघा, विशेषतः पुढचा-मागचा डायल, कारण तोच उड्या मारायला लागतो. जवळची-लांबची वस्तू फोकस करा. झाकण लावून तीस सेकंदांचा एक फोटो काढा: दोन-चार रंगीत ठिपके चालतात, पूर्ण रेघ दिसली तर कॅमेरा परत ठेवा. व्हिडिओ दोन मिनिटं चालवा, आवाज ऐका. शेवटी तळाचा सिरियल नंबर बिलावरच्या आणि फोटोच्या आतल्या नंबराशी जुळवा.

दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या.

ऑनलाइन मागवला तर?

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ करा, लेबलपासून सिरियल नंबरपर्यंत. परत करायची मुदत किती, ती माल पोचल्यापासून की पाठवल्यापासून, आणि परतीचं कुरियर कोणाच्या खर्चाने, हे ऑर्डर देण्याआधी वाचा. सत्तरी-सांग्याच्या आतल्या गावांत कुरियर दोन दिवस उशिरा येतं आणि मुदत तेवढी कापली जाते. तसं असेल तर फोंड्यातल्या किंवा पणजीतल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर मागवा. आणि पाहुण्यांच्या गडबडीत, चतुर्थीच्या तोंडावर मागवू नका. मुदतीतला पहिला दिवस तपासणीचा असायला हवा.

किती स्वस्त असेल तर परवडतं?

नव्यापेक्षा पाचवा हिस्सा तरी कमी नसेल, तर नवा घ्या. पूर्ण वॉरंटीची किंमत तेवढी नक्कीच आहे. बंद झालेल्या मॉडेलला ही तुलनाच लागत नाही. तिथे त्याच पैशांत आज नवीन काय मिळतं ते बघायचं. बॅटरी, चार्जर आणि कार्ड यांचाही हिशेब धरा. जुनी बॅटरी बहुधा बदलावी लागते, आणि फुगलेली असेल तर खणात अडकते. कॅननची एलपी-ई६ आणि निकॉनची ईएन-ईएल१५ या जातीच्या बॅटऱ्या बऱ्याच मॉडेलांत चालतात, म्हणून त्या सहज मिळतात.

‘इम्पोर्टेड पीस’ घेतला तर वॉरंटी मिळते का?

भारतातल्या कंपनीच्या अधिकृत वितरणातून न आलेल्या मालाला इथली वॉरंटी सहसा मिळत नाही. विक्रेता देतो ती त्याची स्वतःची, म्हणजे तो दुकान चालवतो तोवरची. दुबईहून किंवा जहाजावरून काकांनी आणलेल्या कॅमेऱ्यांनाही हेच लागू, आणि गोव्यात असे काका घरटी एक असतात. कॅमेरा वाईट नसतो. वॉरंटी नाही असं समजून किंमत ठरवा, म्हणजे झालं.

दुरुस्ती कुठे होणार, हेही आधीच विचारा. इथल्या काउंटरवर नुसता कॅमेरा घेऊन तो मुंबईला पाठवणार असतील, तर ऐन हंगामात काही आठवडे हात रिकामे राहतील.

डीएसएलआर की मिररलेस?

२०१८ मध्ये कॅननने ईओएस आर आणि निकॉनने झेड६-झेड७ आणले, तेव्हापासून दोघांचं लक्ष मिररलेसवर आहे. त्यामुळे उत्तम डीएसएलआर (आरसा असलेले कॅमेरे) स्वस्त झाले, आणि रिफर्बिश्ड घेणाऱ्याची खरी चंगळ तिथेच आहे. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात किंवा करमळीच्या तळ्यावर पक्षी टिपायचे असतील तर निकॉन डी५०० (२०१६) मला आजही आवडतो. देवळातली कमी उजेडातली कामं असतील तर डी७५० किंवा कॅनन ५डी मार्क फोर. डी७५० घेताना सिरियल नंबर निकॉनच्या संकेतस्थळावर तपासा, कारण त्याच्या काही नगांच्या शटरसाठी कंपनीने मोफत दुरुस्ती जाहीर केली होती. व्हिडिओ प्रधान असेल तर मात्र मिररलेसच घ्या, सोनी ए७ थ्री किंवा त्याच्या पुढचं.

जुन्या लेन्स घरात असतील तर एक सावधगिरी. निकॉनच्या एएफ-डी लेन्समध्ये मोटर नसते. डी५६०० सारख्या बॉडीवर किंवा एफटीझेड अडॅप्टर (जुन्या निकॉन लेन्स झेड कॅमेऱ्यांना जोडणारा) लावून झेडवर त्या ऑटोफोकस करत नाहीत.

मुलीला ते दोन हजार सालातले छोटे डिजिकॅम हवेत. रील्सवर बघितलेत.

घेऊन द्या, पण चालू स्थितीत पाहूनच. २००२ ते २००४ च्या सुमारास बनलेल्या बऱ्याच कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत सोनीने पुरवलेले सीसीडी सेन्सर होते. उष्ण आणि दमट हवेत ते बिघडतात, फोटो वेडावाकडा, जांभळट किंवा काळाच येतो, हे २००५ मध्ये कॅननसह बऱ्याच कंपन्यांनी जाहीर मान्य करून मोफत दुरुस्ती केली. ती सोय आता नाही आणि उष्ण-दमट हवा आपल्याकडे फुकट आहे. त्यातले काही ऑलिंपस आणि फुजीचे कॅमेरे एक्सडी कार्ड घेतात, ते शोधत बसावं लागतं. काही जुने कॅमेरे २ जीबीच्या वरचं एसडी कार्ड वाचतच नाहीत. कार्ड सोबत मिळत असेल तरच घ्या.

वेदर सील्ड आहे म्हणतात. पावसात नेऊ का?

एकदा उघडून पुन्हा बसवलेल्या बॉडीचं सील कंपनीतून निघालं तसंच असेल, याची खात्री कोणी देत नाही. माशेलच्या चिखलकाल्याला न्यायचाच असेल तर प्लास्टिकचं कव्हर घालून न्या.

घरी ठेवायचा कसा? तांदळाच्या डब्यात?

तांदूळ नको. त्याची भुकटी बटणांत जाते आणि ओल तो फारशी खेचत नाही. ज्या बॅगेतून कॅमेरा नेता त्या बॅगेतही ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो.

परवडत असेल तर ड्राय कॅबिनेट घ्या आणि ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. त्याहून फार कोरडं केलं तर रबर आणि वंगण सुकतं. नाहीतर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात रंग बदलणारं सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. मीटरचा काटा ६० च्या वर गेला की जेल सुकवायचं. निळं जेल असेल तर त्यात कोबाल्ट असतं, ते जेवणाच्या भांड्यांत भाजू नका. नारिंगी घेतलेलं बरं. आणि एसी खोलीतून किंवा गाडीतून बाहेर काढताना कॅमेरा अर्धा तास बंद बॅगेतच राहू द्या, नाहीतर बाहेरच्या दमट हवेत त्याला घाम फुटतो.

पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा काढा, दोन-चार फोटो घ्या.

स्टुडिओसाठी घेतोय. बिलाचं काय?

जुन्या मालाचे व्यापारी बऱ्याचदा फक्त नफ्यावर जीएसटी भरतात, नियमात तशी सोय आहे. अशा बिलावर कर सहसा वेगळा दाखवलेला नसतो आणि इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. घेण्याआधी तुमच्या अकाउंटंटला विचारा. मुख्य बॉडी म्हणून नवा आणि दुसरी बॉडी म्हणून रिफर्बिश्ड, असं मी लग्नवाल्यांना सांगतो. अक्षतांच्या वेळी कॅमेरा बंद पडला तर वॉरंटीचा कागद दाखवून मुहूर्त परत येत नाही.

फसवणूक झाली तर कुठे जायचं?

आधी विक्रेत्याला लेखी कळवा, फोनवर नको. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तरीही दाद लागली नाही तर ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. निव्वळ धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरत असाल तर लागतो. तक्रारीला बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि तो पार्सल उघडतानाचा व्हिडिओ जोडा. स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच काढून ठेवा, जाहिराती नंतर बदलतात.